दात शरीराबाहेर कसा गेला?



गेल्या खेपेला मी इथे दुःखाविषयी बोललो होतो, म्हणजे बौद्ध दर्शनातल्या दुःखसत्याविषयी. तेव्हा सभागृह अर्धं रिकामं होतं. आज विषय दातांचा आहे तर मागे माणसं उभी आहेत. याचा जो अर्थ लावायचा तो मी लावला आहे. (हशा)

दातांवर बोलायला तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर कशाला, असं संयोजकांनाच मी विचारलं. ते म्हणाले, डॉक्टरांना बोलावलं तर ते ब्रश कसा करायचा ते सांगतील. लोक डॉक्टरांपर्यंत का पोचत नाहीत हा इतिहासाचा प्रश्न आहे. मला ते पटलं. तेव्हा आज ब्रश कसा करायचा ते मी सांगणार नाही.

आपण बसलो आहोत त्या नेरूळमध्ये दोन दंत महाविद्यालयं आहेत. बेलापूर ओलांडून खारघरकडे निघालात की बेलपाड्याला तिसरं, खारघरात चौथं आणि पुढे कामोठ्याला पाचवं. लोकलनं अर्ध्या तासाच्या पट्ट्यात पाच. प्रत्येकाला जोडून रुग्णालय, खुर्च्यांच्या रांगा, शिकणारी मुलं, शिकवणारे प्राध्यापक. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. अख्ख्या महाराष्ट्रात राज्य सरकारची दंत महाविद्यालयं अनेक दशकं तीनच होती: मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. मुंबई महापालिकेचं नायर धरलं तर चार. म्हणजे संख्येपुरतं बोलायचं तर आपण दातांच्या पंढरीत राहतो.

आमच्या घरी गेली अकरा वर्षं एक मावशी कामाला येतात. करावे गावातल्या, आगरी. नाव सांगत नाही. दोनेक वर्षांपूर्वी त्यांची दाढ ठणकायला लागली. लवंग झाली, लवंगेचं तेल झालं, गोळ्या झाल्या. मी म्हटलं, "मावशी, एवढी कॉलेजं आहेत, पंधरा मिनिटांवर. जा की." त्या गेल्या. केसपेपर काढला, फोटो काढला, मुलांनी तपासलं, सरांनी तपासलं. दाढ वाचेल, रूट कॅनाल करावं लागेल, चार-पाच खेपा होतील, सकाळी यायचं. पैसे बाहेरच्या मानानं कमीच सांगितले. मावशी परत आल्या आणि पुढच्या आठवड्यात दुसरीकडे जाऊन दाढ काढून मोकळ्या झाल्या. मी जरा चिडूनच विचारलं, असं का केलंत? तर म्हणाल्या, "पाच खेपा कोन मारल, सर? उपटून टाकला. सुटला."

ही त्यांची चौथी दाढ होती.

अशा ठिकाणी आपल्याला एक शब्द लगेच सुचतो, "अज्ञान". मलाही सुचला. पण मावशींना काय माहीत नव्हतं? दाढ वाचते हे त्यांना सांगितलं होतं, खर्च सांगितला होता, रस्ता पायाखालचा होता. ग्रामीण भागात दवाखाना लांब आणि शहरात महाग, म्हणून लोक जात नाहीत, असं आपण धरून चालतो. ते खोटं नाही. पण इथे दवाखाना लांब नव्हता आणि महागही नव्हता, तरी दाढ गेली. म्हणून मला जरा मागे जावंसं वाटलं.

बरंच मागे जाऊ. मराठीत दात "किडतो", दाताला "कीड लागते". हा शब्द साधा वाटतो, पण त्याच्या पोटात एक जुना सिद्धांत आहे: दातात खरोखरच अळी असते आणि ती दात पोखरते. ही समजूत जगभर होती, प्राचीन बॅबिलोनमध्येसुद्धा होती. आपल्याकडे गावोगाव फिरणारे लोक दातातली कीड काढून द्यायचे. रिंगणीचं बी निखाऱ्यावर टाकायचं, नळीतून धूर तोंडात घ्यायचा आणि मग वाटीतल्या पाण्यात पडलेली "कीड" दाखवायची. युरोपात पिएर फोशार नावाच्या फ्रेंच शल्यवैद्यानं १७२८ साली दातांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं ही अळी नाकारली आणि बोट साखरेकडे दाखवलं. साखर लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

आपल्या वैद्यकात दात शरीरातच होते. चरकाच्या दिनचर्येत दंतधावन आहे, कोणत्या झाडाची काडी घ्यायची तेही आहे. सुश्रुतानं जी वीस शस्त्रं सांगितली त्यात दंतशंकु आहे. पोट बघणारा वैद्य वेगळा आणि दात बघणारा वेगळा, अशी भिंत त्या ग्रंथांत नाही. व्यवहारात मात्र ती भिंत हळूहळू उभी राहिली. दात उपटणं हे हातानं करायचं, रक्ताचं, खालच्या दर्जाचं काम मानलं गेलं, ते न्हाव्याकडे आणि वैदूकडे गेलं. यात जातीचा भाग आहेच. ज्यानं तोंडात हात घालायचा त्याचा हात लागलेला चालत नाही, आणि दुखायला लागलं की चालतो!

आधुनिक काळात या भिंतीला सरकारी शिक्का बसला. त्याची गोष्ट अमेरिकेत सुरू होते. १८४० साली बाल्टिमोर इथे जगातलं पहिलं दंत महाविद्यालय निघालं. ते वैद्यकीय महाविद्यालयाचा विभाग म्हणून निघालं नाही, स्वतंत्र निघालं. डॉक्टरांची शाळा वेगळी, दातवाल्यांची वेगळी. पुढे जगानं साधारण हाच नमुना उचलला. आपल्याकडे तो आणणारा माणूस म्हणजे डॉ. रफिउद्दीन अहमद. पूर्व बंगालचा हा मुलगा अमेरिकेत आयोवा विद्यापीठात शिकून परतला आणि १९२० साली कलकत्त्यात त्यानं भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. पैसा कुठून आणला? त्यानं कलकत्त्यात "न्यूयॉर्क सोडा फाउंटन" नावाचं दुकान काढलं होतं, गोड सोडा आणि सरबतांचं. त्या दुकानाच्या कमाईवर कॉलेज चाललं. (हशा) हसताय, पण एका परक्या सत्तेखाली, कुणी दमडी देत नसताना एका माणसानं हे केलं. मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो.

या कलकत्त्याच्या कॉलेजातून शिकून एक तरुणी मुंबईत आली आणि १९२३ साली तिनं अब्दुल रहमान स्ट्रीटवर दवाखाना थाटला. तिचं नाव फातिमा जिना, बॅरिस्टर जिनांची धाकटी बहीण. राजकारणामुळे आपण हे सगळं विसरलो. त्या काळी मुंबईत एका मुसलमान घरातल्या बाईनं स्वतःचा दंतवैद्यकीचा दवाखाना चालवणं ही लहान गोष्ट नव्हती. पण मला त्यातली दुसरी नोंद महत्त्वाची वाटते: त्या धोबीतलावच्या महापालिकेच्या दवाखान्यात विनामोबदलाही काम करायच्या. म्हणजे एकाच डॉक्टरच्या दोन खुर्च्या, एक पैसे देणाऱ्यांची आणि एक न देणाऱ्यांची. जिना यांच्या पत्नी १९२९ साली वारल्या. त्यानंतर भावाचं घर सांभाळायला फातिमाबाईंनी दवाखाना बंद केला, आणि दोन्ही खुर्च्या एकदम रिकाम्या झाल्या. धर्मादाय सेवेचं हे असं असतं. ती एका माणसाच्या सवडीवर उभी असते.

मुंबईत नायरचं दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झालं, पुढे ते महापालिकेकडे आलं. सेंट जॉर्जेसच्या आवारातलं सरकारी कॉलेजही जुनंच. पण १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला तेव्हा साऱ्या अविभाजित हिंदुस्थानात शिकलेले दंतवैद्य किती होते? सुमारे एक हजार. तीन लाख लोकांमागे एक! समितीनं ध्येय ठेवलं, चार हजारांमागे एक.

मग १९४८ चा दंतवैद्य कायदा आला. हा कायदा मी कुतूहलानं वाचला. त्यात नोंदवहीचे दोन भाग आहेत. "अ" भागात पदवीवाले. "ब" भागात पदवी नसलेले, पण आधीची किमान पाच वर्षं हाच मुख्य व्यवसाय करून पोट भरणारे. म्हणजे बाजारात बसून दात काढणारे, वडिलांकडून कवळ्या बनवायला शिकलेले, सगळे. मुंबईकरांना "चायनीज डेंटिस्ट" अशा पाट्या आठवत असतील. त्यातली बरीच घराणी मूळची चीनच्या हूबे प्रांतातली, पिढीजात हेच काम करणारी. कायद्यानं जुन्यांना सांभाळून घेतलं आणि नव्यांना दार लावलं. तत्त्व म्हणून ते योग्यच होतं. कुणीही उठून पक्कड घेऊन तोंडात घालावी, असं मी म्हणणार नाही. जंतुसंसर्गानं माणसं मरत होती.

पण परिणाम बघा. "ब" भागातली माणसं वयानुसार संपत गेली. बाजाराच्या दिवशी एका फेरीत, चार-आठ आण्यांत काम करणारा, ओळखीचा, आपल्या बोलीत बोलणारा माणूस गेला. त्याच्या जागी पदवीवाला तालुक्याला यायला हवा होता. तो आला नाही. का नाही आला?

एक कारण अगदी लोखंडी आहे. डॉक्टर पिशवीत मावतो. स्टेथोस्कोप, इंजेक्शनची पेटी, चार औषधं, झालं. दंतवैद्याला खुर्ची लागते, कॉम्प्रेसर लागतो, वाहतं पाणी लागतं, वीज लागते, डोक्यावर दिवा लागतो. आठवा, पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्या खेड्यांत बारा-बारा तास भारनियमन होतं. दाढ अर्धी कोरली आणि वीज गेली तर काय करायचं? टांझानियात १९८० च्या दशकात या अडचणीवर एक तोडगा निघाला: विजेशिवाय, नुसत्या हातातल्या हत्यारांनी किडका भाग खरवडायचा आणि वर दाताला चिकटणारं सिमेंट भरायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ साली त्याचा पुरस्कार केला. आपल्या प्राथमिक केंद्रांत ते रुजलेलं मी पाहिलेलं नाही.

दुसरं कारण कागदावरचं आहे आणि ते मला जास्त खोल वाटतं. १९५२ पासून आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रं सुरू झाली. डॉक्टर, नर्स, कंपाउंडर, सुईण, मलेरियावाला, देवी टोचणारा, सगळ्यांची पदं निघाली. दंतवैद्याचं पद नव्हतं, आजही साधारणपणे नसतं. तो भेटायचा तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात. कुणी ठरवून गरिबांच्या दातांशी वैर धरलं, असं नाही. डॉक्टरांची शाळा वेगळी, परिषद वेगळी, कायदा वेगळा. ज्यांनी आरोग्य केंद्राचा आराखडा काढला त्यांच्या शिक्षणात दात हा विषय जेमतेमच. बाल्टिमोरच्या त्या भिंतीची सावली आपल्या तालुक्यापर्यंत पडली ती अशी. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम यायला २०१४ उजाडलं. त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ च्या फेब्रुवारीत, मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्या शेजारी पालघरलाच सुरू झाला. त्याच्या यादीत किडलेले दात आहेत, ही चांगली गोष्ट. आईचे दात मात्र त्या यादीत नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला, तिथे येतो.

डॉ. फली मेहता नावाचे दंतवैद्य होते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जिथे अणू-रेणूंचं संशोधन चालतं तिथे, त्यांनी दंतसंशोधनाचा एक विभाग चालवला. १९६० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, डेन्मार्कचे प्राध्यापक पिंडबोर्ग यांना बरोबर घेऊन, देशातल्या वेगवेगळ्या जिल्ह्यांत खेडोपाडी जाऊन लोकांची तोंडं तपासली. त्यातला महाराष्ट्रातला अभ्यास पुणे जिल्ह्यातला. तो १९७२ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच्या शीर्षकातच आकडा आहे: १,०१,७६१ खेडूत. एक लाखाहून अधिक माणसांनी "आ" केला आणि दंतवैद्यांनी आत बघितलं. तंबाखूनं तोंडात काय होतं, पांढरे चट्टे कुठे पडतात, कर्करोग कुणाला होतो, हे जगाला ज्या संशोधनातून नीट कळलं त्यात आपल्या या माणसांच्या तोंडांचा वाटा आहे. पुढे याच मंडळींनी ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांवर पाच वर्षं काम करून दाखवलं की घरी जाऊन समजावून सांगितलं तर लोक तंबाखू कमी करतात आणि चट्टेही कमी होतात. १९८६ साली ते "लॅन्सेट"मध्ये आलं.

माझी आई पुणे जिल्ह्यातलीच, जुन्नर तालुक्यातली. ती मशेरी लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, आणि दुखलं की वाटेल तेव्हा. लोक मशेरीला व्यसन म्हणतात. आईच्या लेखी ते दंतमंजन होतं आणि औषधही होतं. तंबाखूनं हिरड्या जरा बधिर होतात, ठणका कमी झाल्यासारखा वाटतो. पाच कोसांत दंतवैद्य नसलेल्या बाईला हे दोन पैशांत मिळत होतं. दात दुखतो म्हणून मशेरी, मशेरीनं हिरड्या खराब, म्हणून पुन्हा दुखणं, पुन्हा मशेरी. पंचेचाळिशीत तिचे सगळे दात गेले होते.

तो एक लाखाचा आकडा वाचतो तेव्हा मला आईचं तोंड दिसतं. त्यातल्या बहुतेकांच्या तोंडात दंतवैद्यानं डोकावण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ असणार. शास्त्रज्ञांना दोष देत नाही. त्यांनी आपलं काम प्रामाणिकपणे आणि पायी हिंडून केलं. पण मोजायला दंतवैद्य एक लाख उंबरे चढू शकतो, हे त्यांनी सिद्ध केलं होतं. मग लांब अंतराची सबब कितपत खरी?

तंबाखूचं प्रकरण संपलेलं नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे चार टक्क्यांच्या आत होते आणि तोंडात ठेवणारे चोवीस टक्क्यांच्या वर. गुटखाबंदी २०१२ ची आहे, आणि टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला ठाऊक आहे. गुटखा-सुपारीनं तोंड उघडणंच बंद होत जातं, दोन बोटं आत जात नाहीत. दाराशी दंतवैद्य आणून बसवला तरी दारच उघडत नाही.

आता साखर. महाराष्ट्रातली दंत महाविद्यालयं वाढली ती १९८० च्या दशकानंतर. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३ च्या सुमाराला, विनाअनुदानित खासगी व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी मिळाली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत वैद्यकीय, अभियांत्रिकी, दंत अशी कॉलेजं उभी राहिली. कुठे? लोणीला, कराडला, सांगलीजवळ. म्हणजे जिथे ऊस आहे, सहकारी कारखाना आहे, कारखान्याभोवती उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्था आहेत, तिथे. प्रवरेचा कारखाना १९५० चा, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा. त्याच्याच परिसरात पुढे ग्रामीण दंत महाविद्यालय निघालं. कलकत्त्यात सोडा फाउंटनवर कॉलेज चाललं, इथे साखरेच्या आसऱ्यानं. फोशारला हे दाखवायला हवं होतं. (हशा)

थट्टा बाजूला ठेवू. आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं आहेत, बहुतेक खासगी. नोंदणी झालेले दंतवैद्य अडीच लाखांहून जास्त. भागाकार करा, पाच-साडेपाच हजारांमागे एक येतो. भोर समितीचं चार हजारांचं स्वप्न आकड्यात जवळजवळ पुरं होत आलं. पण लाखोंची फी भरून शिकलेला मुलगा खुर्ची कुठे टाकणार? जिथे फी वसूल होईल तिथे. वाशीच्या कुठल्याही सेक्टरात फिरा, एका इमारतीत दोन-दोन पाट्या दिसतील. मेळघाटात, मोखाड्यात तितक्या दिसणार नाहीत. त्यात त्या मुलांचा दोष कमी आहे; कर्ज फेडायचं असतं.

आणि कॉलेजांचं एक वेगळंच आहे. मुलांना शिकायला रुग्ण लागतात. म्हणून शिबिरं होतात, बस पाठवतात, फुकट तपासतात. रुग्णाला कॉलेजची जेवढी गरज, त्याहून कधी कधी कॉलेजलाच रुग्णाची गरज जास्त. इथे गरीब माणसाला प्रथमच मोल आलं. पण ते शिकवण्याच्या वेळापत्रकात. मुलगा हळू काम करतो, कारण तो शिकतो आहे, सर तपासतात, पुढच्या पायरीला पुढच्या आठवड्यात या. पैसे कमी घेतात आणि वेळ जास्त घेतात. ज्याला महिन्याचा पगार आहे त्याला हा सौदा परवडतो. ज्याचा दिवस विकलेला आहे त्याला नाही.

नवी मुंबईकडे परत येऊ. सिडको १९७० च्या मार्चमध्ये स्थापन झाली. पंच्याण्णव गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडीची मासळी गेली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचा १९८४ चा लढा इथल्या लोकांना सांगायला नको. या गावांच्या बाबतीत खेडं आणि शहर यांतलं अंतर शून्य झालं, शहरच त्यांच्यावर येऊन बसलं. गावठाणाच्या भिंतीपलीकडे सेक्टर. पण वेळ कुणाचा बदलला? भातशेतीत चार महिने राबून आठ महिने सवड असायची. मावशींच्या आईला दात दाखवायला दवाखाना नव्हता, पण सवड होती. मावशींना दवाखाना आहे आणि सवड नाही. तुर्भ्याच्या बाजार समितीत ओझी उचलणाऱ्या माथाडीचं तेच, नाक्यावर सकाळी आठला उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याचं तेच. ओपीडीची वेळ आणि मजुरीची वेळ एकच.

तेव्हा दात काढणं हा गरिबाचा अडाणी निर्णय नाही, हिशेबी निर्णय आहे. वाचवायला पाच दिवस, काढायला एक. आमची आई म्हणायची, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. म्हण म्हणून आपण ती नशिबावर ढकलतो. तिच्या बाबतीत ती शब्दशः खरी झाली. आम्ही भाऊ कमावते झालो, घरात चणे आले, तेव्हा तिच्या तोंडात कवळी होती. ती ती फक्त लग्नकार्यात घालायची, टोचते म्हणून.

एक कायद्याची गंमत सांगतो, मग शेवटाकडे. विको कंपनीची वज्रदंती पावडर तुमच्याकडेही आली असेल. ती औषध की प्रसाधन, यावर अबकारी खात्यानं आणि कंपनीनं वर्षानुवर्षं भांडण केलं, कारण करात फरक पडतो. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये कंपनीच्या बाजूनं, म्हणजे औषध म्हणून, निकाल दिला. मला त्यातला कर महत्त्वाचा वाटत नाही. दाताला लावायची वस्तू औषध आहे की शृंगार, हे ठरवायला या देशाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं! आपल्याही मनात ते नक्की नसतं. कुणी ताप आला म्हणून रजा मागितली की आपण देतो. दाढ दुखते म्हणून मागितली की आपण जरा थांबतो, चेहरा बघतो.

विट्गेन्श्टाइन हा माझ्या आवडीचा तत्त्वज्ञ. केंब्रिजमध्ये १९३३-३४ साली त्यानं विद्यार्थ्यांना जी टिपणं सांगितली त्यात वेदनेचं उदाहरण म्हणून पुन्हा पुन्हा दाढदुखी येते. दुसऱ्याची दाढ दुखते हे मला कशावरून कळतं? तीस वर्षं मी हे शिकवलं. फळ्यावर दोन डोकी काढायची, एकाच्या गालावर फुली मारायची. हात मोडला तर प्लास्टर दिसतं. दाढेचं काही दिसत नाही, माणूस फार तर गालाला हात लावतो. मुलांना मी हे फार हुशारीनं समजावून सांगायचो.

आणि त्याच माझ्या घरी, मावशी पहिल्यांदा कॉलेजात गेल्या त्या दिवशी, आमच्याकडे पाहुणे होते. त्या आल्या नाहीत म्हणून धुसफूस झाली. महिन्याअखेर खाड्याचे पैसे कापले. कुणी दुसऱ्यानं नाही, हिशेब माझ्याकडे असतो, मीच कापले. बाकीच्या तीन घरांनीही कापले असणार. मग मी त्यांना विचारलं होतं की दाढ का काढलीत.

हे माझ्या ध्यानात यायला पाच-सहा महिने लागले. तेव्हापासून आमच्याकडे ठरलं आहे की दवाखान्याचा दिवस भरपगारी. मागच्या वर्षी मावशींची दुसऱ्या बाजूची दाढ दुखायला लागली तेव्हा त्या पुन्हा कॉलेजात गेल्या. आम्ही इतर तीन घरांशीही बोललो. एक कबूल झालं, एकानं बघू म्हटलं, एकानं विषय बदलला. चार खेपा झाल्या, रूट कॅनाल पुरं झालं. वर टोपी बसवायची राहिली आहे, तिचे पैसे वेगळे आणि खेपाही अजून दोन. टोपीशिवाय अशी दाढ कधीही फुटू शकते, असं त्यांना सांगितलं आहे. मावशी सध्या त्या बाजूनं चावत नाहीत.